दसऱ्यापर्यंत गायरानाचा एक तुकडा राखा

सिन्नरच्या पूर्वेला, जिथून पुढे पाऊस हात आखडता घेतो, तिथे आमचं गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला गायरान, आणि गायरानाच्या एका कोपऱ्यात म्हसोबाचं ठाणं. ठाण्याभोवती गावाने कधीकाळी वर्गणी काढून दगडांची रचीव भिंत घातलेली आहे. आतली जागा फार तर चार-पाच गुंठे. गेल्या भाद्रपदात मी त्या भिंतीवर बसून दोन्हीकडे पाहत होतो. आत गवत मांडीला लागत होतं. मारवेल होतं, पवना होता, मधूनच डोंगरी गवताचे ठोंब होते. बुडाशी हात घातला तर माती काळसर, ओली आणि भुसभुशीत. बाहेरच्या बाजूला मुरूम उघडा पडलेला, त्यावर तरवडाची झुडपं, गाजरगवत आणि बोटभर उंचीवर खुडलेली कुसळी. भिंत दीड हात रुंद. दीड हातात पाऊस बदलत नाही आणि माती तर एकाच टेकडीची. आतल्या गवताला आषाढ-श्रावणात कुणी तोंड लावलं नव्हतं, बाहेरच्याला रोज लावलं होतं. बाकी काही फरक नव्हता.

मला जे मांडायचं आहे ते त्या भिंतीवरून दिसतं. नाशिक जिल्ह्यातल्या ज्या ज्या गावाला गायरान उरलं आहे, त्या गावाने त्याचा निदान एक तुकडा पहिल्या पावसापासून दसऱ्यापर्यंत चराईला बंद ठेवावा. दसऱ्याच्या सुमाराला तिथलं गवत विळ्याने कापावं, वाळवावं, गंजी लावावी आणि पुढच्या वर्षी तुकडा बदलावा. एवढीच मागणी. तिला मोठा निधी लागत नाही, यंत्रं लागत नाहीत. तरीही गायरानावर इतकं बोललं जातं, त्यात गवताचा हा हिशोब मला कुठे ऐकू येत नाही.

गायरानाचा विषय निघाला की पहिल्यांदा अतिक्रमण येतं. ते यायलाच हवं. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी सगळ्या राज्यांना सांगितलं की गावाच्या सामाईक जमिनींवरची बेकायदा अतिक्रमणं काढण्याची योजना करा. आपल्याकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ खाली गुरचरणासाठी जमिनी राखून ठेवलेल्या असतात, आणि कलम २२ क म्हणतं की गायरान दुसऱ्या कामाला वळवता येणार नाही. सार्वजनिक प्रकल्पाला दुसरी जमीनच मिळत नसेल, तर हा त्याला मुख्य अपवाद. म्हणजे कायदा गायरानाच्या बाजूने बऱ्यापैकी उभा आहे.

पण अतिक्रमण हा शब्द वापरताना आपण नाशिकचे लोक जरा थांबायला हवं. दादासाहेब गायकवाड याच जिल्ह्यातले, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह त्यांच्या नेतृत्वाखाली झाले, आणि पडीक सरकारी जमीन कसायला मिळावी ही त्यातली मुख्य मागणी होती. ज्याला वाडवडिलांकडून एक गुंठाही आला नाही, त्याने माळाचा तुकडा फोडून बाजरी पेरली तर ती वेगळी गोष्ट. ज्याच्या स्वतःच्या द्राक्षबागेचं कुंपण दरवर्षी चार हात गायरानात सरकतं, त्याची वेगळी. २०११ च्या त्या निकालातही भूमिहीनांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना सरकारने रीतसर दिलेल्या जमिनींचा अपवाद केलेला आहे. तो भेद गावाने मनात पक्का ठेवावा, नाहीतर बुलडोझर नेमका चुकीच्या दारात उभा राहतो.

दुसरा विषय सौर प्रकल्पांचा. शेतीला दिवसा वीज देण्यासाठीच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला आणि त्यासाठी गावोगावच्या सरकारी जमिनी, त्यात गायरानंही, पाहिली जाऊ लागली. दिवसा वीज हवी हे मला कुणी पटवून द्यायला नको. कांद्याला पाणी द्यायला रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन जाणारा माणूस बिबट्याच्या धास्तीने कसा जातो, हे मी घरातच पाहिलं आहे. प्रश्न जागेच्या निवडीचा आहे. जिथे खडक उघडा आहे, जिथे गवत कधी धरणारच नाही, अशी जागा गायरानातही असते. ती आधी दाखवावी. पण ती दाखवायला गावाला स्वतःचं गायरान माहीत असावं लागतं, आणि तिथेच घोडं पेंड खातं. कुठला भाग चांगला, कुठला खराब, कुठे कुठलं गवत येतं, याची नोंद कुठल्याही ग्रामपंचायतीच्या दप्तरात मी पाहिलेली नाही. सातबाऱ्यावर 'गुरचरण' एवढा एक शब्द आणि पुढे हेक्टर-आर.

तिसरा विषय झाडांचा, आणि याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं, कारण तो चांगल्या भावनेतून येतो. आमच्या गायरानावर एका योजनेत खड्डे खोदले गेले. गवताचे जुने ठोंब उपटून मुरमाचे ढीग झाले, रोपं लागली, फोटो झाले. तीन उन्हाळ्यांनंतर तिथे जे उरलं ते गिरिपुष्प. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून तो जगतो, आणि जगतो म्हणून तोच लावला जातो. चराऊ रानावर गुरं न खाणारं झाड लावण्याइतका उलटा उद्योग दुसरा नसेल. आपल्याकडे हिरवं म्हणजे झाड असं समीकरण बसलं आहे. दख्खनचं माळरान हे पूर्वी जंगल होतं आणि उजाड झालं, असं समजून आपण ते 'भरून काढायला' जातो. पाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसाच्या, उथळ मातीच्या येवला-नांदगावकडच्या माळावर गवत हीच निसर्गाची पूर्ण वाढलेली अवस्था आहे. येवल्याकडे ममदापूरच्या माळावर काळवीट दिसतात ती त्या गवतामुळेच.

या तिन्ही चर्चांत गायरान रिकामं आहे असं धरलेलं असतं. कुणाला तिथे घर दिसतं, कुणाला पॅनल, कुणाला झाड. आणि खरं सांगायचं तर चैत्रात तिथे जाऊन उभं राहिलं की रिकामंच दिसतं. ते तसं का दिसतं, हे गवताकडे वाकून पाहिल्याशिवाय कळत नाही.

बारमाही गवताचा जीव बुडाशी असतो. उन्हाळ्यात वरचं सगळं वाळतं, पण मुळांत अन्न साठवलेलं असतं. मृगाचा पाऊस पडला की ठोंब त्या साठ्यातून पहिली पानं काढतो. ती पानं म्हणजे उसनवारी. पुढचे तीन-चार आठवडे पानांनी ऊन खाऊन मुळांचं देणं फेडायचं असतं. नेमक्या त्याच वेळी, वितभरही न वाढलेल्या गवतावर उपाशी जनावरं सुटतात. चार महिने कडब्यावर काढलेली गाय हिरव्या कोंबाला सोडणार कशी? ठोंब पुन्हा साठ्यातून पानं काढतो, ती पुन्हा खुडली जातात. दोन-तीन पावसाळे असे गेले की मुळं आखडतात, ठोंब मरतो. ओल्या मातीवर खुरं पडून ती दडपली जाते आणि पाणी आत मुरायच्या ऐवजी मुरूम घेऊन ओढ्याला जातं. मारवेल गेलं की त्याच्या जागी कुसळी येते, कुसळीनंतर वर्षभरात मरणारं बारीकसारीक तण, आणि शेवटी तरवड. आमच्या गायरानावर हा सगळा प्रवास झालेला आहे.

कुसळीबद्दल थोडं सांगतो. कोवळी असताना ती गुरं खातात, चारा म्हणून ती अगदीच टाकाऊ नाही. पण फुलोरा उलटला की तिच्या बियांना टोकदार कुसळं येतात. दिवाळीनंतर मेंढ्यांचे कळप आमच्या शिवारातून कोकणाकडे उतरतात. एका संध्याकाळी मेंढपाळांच्या मुक्कामावर एक मावशी कोकरू मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कोकराचा खालचा ओठ उलटा करून त्या नखांनी कुसळं काढत होत्या. एकेक कुसळ काढलं की तिथे रक्ताचा बारीक थेंब येई. मी विचारलं, "मावशी, रोजचंच हे?" त्या म्हणाल्या, "दादा, तुमच्या गावात दोन रात्री काढल्या की आठ दिवस हेच काम." लोकरीतून कुसळं कातडीत शिरतात, कधी डोळ्यात जातात. डोळ्यातलं कुसळ ही म्हण आपण सगळेच वापरतो. त्या कोकराचा एक डोळा पांढरा पडला होता. हीच कुसळी फुलावर येताना, कुसळं धरायच्या आत कापली असती, तर तिची वैरण झाली असती.

गवत कापण्याची वेळ ही सगळ्या व्यवहारातली कळीची गोष्ट आहे. निम्मं-शिम्मं रान फुलावर आलं की कापायचं. त्याआधी कापलं तर वजन भरत नाही, बी झडून काड्या पिवळ्या पडल्यावर कापलं तर पोट भरतं पण अंगी लागत नाही, कारण प्रथिनं तोवर निम्म्याहून खाली गेलेली असतात. आपल्याकडे मात्र कापणी होते ती कार्तिक-मार्गशीर्षात, सोंगणीची कामं उरकल्यावर, सवड मिळेल तशी. म्हणजे आपण गवताचा पाचोळा साठवतो. विळा बुडापासून चार बोटं वर चालवावा, म्हणजे ठोंबाला पुन्हा फुटायला जागा राहते. दोन-तीन दिवस उन्हात पसरून उलथंपालथं करावं. मूठभर काड्या पिळल्या की कडाड मोडायला हव्यात आणि रंग हिरवट राहायला हवा. ओलसर गवताची गंजी लावली तर आत हात घालवत नाही इतकी तापते, बुरशी धरते, आणि प्रसंगी आतूनच पेट घेते. माझ्या आजोबांना गंजीत कोपरापर्यंत हात घालून वास घेण्याची सवय होती. आंबूस वास आला की ते तिथल्या तिथे गंजी मोडायला लावत.

घाटाकडे, म्हणजे इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाण्याकडे, प्रश्न उलटा आहे. तिथे पावसाची कमी नाही, गवत पुरुषभर उंच होतं आणि कापायला माणसं पुरत नाहीत. ते डोंगरावर वाळतं आणि फाल्गुनात वणवा लागतो. अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या बाजूला उन्हाळ्यात रात्री डोंगराच्या अंगावर ती लाल रेघ चढताना कुणी पाहिली नसेल असा नाशिककर विरळा. वणवा लावला की नवं गवत जोमाने येतं, ही समजूत अजून आहे. जळल्यावर पहिला हिरवा फुटवा लवकर दिसतो हे खरं, पण उघडी पडलेली माती पहिल्या वळवाने वाहून जाते त्याची मोजदाद कुणी करत नाही. डोंगरावर ज्या गवताचं काय करायचं हा प्रश्न असतो, तेच गवत शंभर किलोमीटर पूर्वेला सोन्याच्या भावाने शोधलं जातं. पेठचं गवत वेळेवर कापून, गठ्ठे बांधून मालेगावला पोहोचवणं ही एकाच जिल्ह्यातली गोष्ट आहे. वणवा पसरू नये म्हणून वन विभाग आखतो त्या जाळरेषा हव्यातच, पण कापलेल्या डोंगराला जाळरेषेची गरज कमी पडते. शिवाय त्या भागात पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू आहे, ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. आणि तिथे डांगी गुरं आहेत, धो धो पावसातही अंगावर तेलकट पाझर असल्याने न भिजणारी, गारगोटीसारख्या कडक काळ्या खुरांची. घोटीच्या बाजारात डांगी बैल पाहिला की कळतं, या डोंगरातल्या गवताने घडवलेलं ते जनावर आहे. त्याचं चरणं संपलं तर जातिवंत जनावरही टिकणार नाही. वाघबारशीला तिथले गुराखी अजून वाघोबाला नैवेद्य दाखवतात, गुरं सुखरूप ठेव म्हणून. तो मान नुसत्या गोठ्यातल्या गुरांसाठी नसतो.

आता माझ्या मागणीवरचे आक्षेप. पहिला आणि सगळ्यात खरा आक्षेप असा, की पावसाळ्यात गायरान बंद केलं तर शेळ्या-मेंढ्यांनी जायचं कुठे? बागायतदाराला हा प्रश्न पडत नाही. त्याच्या जास्त दुधाच्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाई गोठ्यात उभ्या असतात आणि मक्याचा मुरघास खातात. 'आता गुरं चारतं कोण?' असं तोच विचारतो. चारतात ती माणसं बोलायला येत नाहीत. चार शेळ्यांवर मुलीची फी भरणारी विधवा, शिवाराच्या कडेला राहणारं भिल्लाचं कुटुंब, आणि आषाढ-श्रावणात कोरड्या माळावरच राहणारे मेंढपाळ. कारण मेंढीला घाटाचा पाऊस आणि चिखल सोसत नाही. सरसकट चराईबंदी केली तर पहिला दणका यांना बसतो. अहिल्यानगरच्या हिवरे बाजारने चराईबंदी करून, गवत फक्त कापून न्यायची मुभा ठेवून माळ हिरवा केला, त्याचं कौतुक मीही करतो. पण त्या गावाने सोबत पाणी अडवलं, दुधाचा धंदा उभा केला, आणि निर्णय सगळ्यांना घेऊन केले. इतर गावं त्यातली फक्त बंदी उचलतात. बंदीला काही खर्च येत नाही ना.

म्हणून मी तुकडा म्हणतो. गायरानाचे चार भाग करा. एक भाग दसऱ्यापर्यंत पूर्ण बंद, तो कापणीचा. दुसरा पोळ्यापर्यंत बंद, मग चराईला खुला. उरलेले दोन आलटूनपालटून, पंधरा-पंधरा दिवसांनी, आणि तेही गवत वितभर झाल्यावरच. निम्मं खाऊ द्यायचं, निम्मं उभं ठेवून जनावरं हलवायची. चार वर्षांत प्रत्येक भागाला एकदा पुरती विश्रांती मिळते. कापणीच्या भागातही एक पट्टा न कापता बी झडू द्यावं. जिथे ठोंबच उरले नाहीत तिथे मारवेलचे ठोंब आणून लावावेत. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने फुले मारवेलसारखा सुधारित वाण दिलेला आहे. मेंढपाळांचे मुक्काम आणि वाटा आधीच ठरवून त्यांना त्यांची पाळी द्यावी. वनहक्क कायदा, २००६ तर वनजमिनीवर भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क सरळ शब्दांत मानतो. गायरानावर आपण त्यांना पाहुण्यासारखंही वागवत नाही. रात्रभर शेतात मेंढ्या बसवून खत मात्र घेतो.

दुसरा आक्षेप, राखणार कोण? पूर्वी राखणदार असे, त्याला सुगीला धान्य मिळे. आता त्याला मजुरी द्यावी लागेल, ती कापलेल्या गवताच्या विक्रीतून द्यावी. भूमिहीन घरांना पहिले दहा-वीस भारे फुकट, बाकीच्यांना नाममात्र दराने. हा हिशोब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा.

आणि या सगळ्यातून मिळणार किती? इथे मला फुगवून सांगायचं नाही. तीनशे किलो वजनाच्या गाईला दिवसाला साधारण साडेसात किलो सुकी वैरण लागते. माघापासून मृगापर्यंत चार महिने धरले तर नऊशे किलो. आपला ओरबाडलेला माळ हेक्टरी टनभरही सुकं गवत देत नाही. राखलेला माळ दोन-तीन टन देऊ शकतो. दहा हेक्टरचा कापणीचा तुकडा असेल आणि दोनच टन धरले, तर वीस टन. म्हणजे बावीस गाई, किंवा सव्वाशे-दीडशे शेळ्या, उन्हाळाभर. गावातली सगळी गुरं यावर जगणार नाहीत. पण ज्यांच्याकडे मका नाही, ऊस नाही, विकतच्या कडब्याला पैसे नाहीत, त्यांची जगतील. २०२३ मध्ये राज्यातल्या ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला त्यात आपले सिन्नर, येवला आणि मालेगाव होते. अशा वर्षी शेळ्या मिळेल त्या भावाला विकल्या जातात, आणि पुन्हा घ्यायला दोन-तीन वर्षं लागतात. वीस टनांची गंजी त्या विक्रीच्या आड उभी राहते.

शहराजवळ चुंचाळ्याला पांजरपोळाची शेकडो एकर जमीन आहे. ती उद्योगांसाठी घ्यावी का, यावर मध्यंतरी बराच वाद झाला. त्या वादात जमिनीच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे दाखवायला काहीतरी होतं. झाडं, तळी, चारा, गुरं. आमच्या गायरानावर उद्या कुणी नकाशा घेऊन आला तर आम्ही त्याला म्हसोबाच्या भिंतीच्या आतले चार गुंठे दाखवणार आणि बाहेरच्या मुरमाबद्दल गप्प बसणार.

ग्रामसभांच्या तारखा मी कॅलेंडरवर पाहिल्या तेव्हा मला आश्चर्य वाटलं. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. मे महिन्यात पावसाआधी तुकडा ठरवायचा, ऑगस्टमध्ये पोळ्याच्या आसपास दुसरा भाग खुला करायचा, ऑक्टोबरमध्ये कापणीची तारीख आणि भाऱ्यांची वाटणी. गवताच्या कामाला याहून सोयीच्या तारखा शोधूनही मिळाल्या नसत्या. वेगळी समिती, वेगळी योजना, वेगळा दौरा, काही लागत नाही.

येत्या १ मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा म्हणून मी अर्ज लिहिला आहे. म्हसोबाच्या ठाण्यापासून ओढ्यापर्यंतचा, साधारण अकरा एकरांचा उताराचा भाग पहिल्या वर्षासाठी सुचवला आहे, कारण तिथे खडकांच्या फटीत मारवेलचे ठोंब अजून जिवंत आहेत. सह्या घेत फिरलो तेव्हा ज्यांच्या गोठ्यात मुरघास आहे त्यांनी लगेच केल्या. शेळ्यावाल्या चार जणींनी केल्या नाहीत. त्यांनी विचारलं, श्रावणात आमच्या शेळ्या कुठे न्यायच्या ते आधी कागदावर लिहा. मी अर्ज परत आणला, ओढ्यापलीकडचा भाग त्यांच्यासाठी खुला राहील हे वाक्य वर टाकलं, आणि उद्या पुन्हा त्यांच्याकडे जाणार आहे.